शेपटांचा खेळ

९ नोव्हेंबर, रविवार

मागे मी लिहिलं आहे की आजारपणानंतर बाबांच्या तोंडून निघालेला पहिला शब्द 'पाणी' होता. ते चूक आहे. आज दुरुस्त करून ठेवते.

'पाणी' आईने ऐकलं आणि हिंगोलीपर्यंत सगळ्यांना फोन करून सांगितलं. इतक्या वेळा सांगितलं की मीही तेच लिहून मोकळी झाले. पण त्याच्या आधी, दवाखान्यात, मोठे डॉक्टर तपासायला आले होते. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही, म्हणून उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं, असं ते शिकाऊ डॉक्टरला समजावत होते. इंग्रजीत म्हणाले, हा माणूस आता बोलायला कॅपेबल... आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. ते थांबले. खाटेवरून बाबा म्हणाले, "ऑफ."

कुणाचं लक्ष गेलं नाही. मला वाटलं, कण्हले. आज कुकर घासताना हात एकदम थांबला. 'कॅपेबल'ला 'ऑफ'च लागतं. डॉक्टरांनी बाबांबद्दल अर्धवट सोडलेलं वाक्य बाबांनीच पुढे नेलं होतं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग बोलायलेत की ते." आणि डोळ्याला पदर लावला. मी किती दिवस हे ऐकूनही ऐकलं नव्हतं, याचं वाईट वाटतंय. पण जास्त बरं वाटतंय.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मिनल मॅडम आल्या होत्या. त्या बोलण्याचे उपचार करतात आणि घरी येतात. त्यांना 'ऑफ'बद्दल सांगितलं. मला भीती होती की हसतील. त्या हसल्या नाहीत, खुर्ची पुढे ओढून बसल्या. म्हणाल्या, स्वतःचं वाक्य जुळवणं बाबांना आज जमत नाही, पण वर्षानुवर्षं जोडीने म्हटलेलं कधीकधी आपोआप निघतं. वारांची नावं, अंक, प्रार्थना. खरं आहे. संध्याकाळी आम्ही त्रिशरण म्हणतो तेव्हा बाबांचे ओठ आमच्यासोबत हलतात.

"तुमच्या घरात असं अजून काय म्हटलं जायचं?" त्यांनी विचारलं.

मग मला शेपटांचा खेळ सांगावा लागला. बाहेरच्या माणसाला पहिल्यांदाच सांगितला.

लहानपणी मला दम्याचा त्रास होता. नऊ वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेलेच नाही, बाबा हीच माझी शाळा. ते स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. परदेशच्या ऑर्डरी इंग्रजीत यायच्या, त्या वाचत वाचत ते इंग्रजी शिकले. त्यांचं म्हणणं असं की इंग्रजी शब्द एकटा फिरत नाही, त्याला शेपूट असतं. डिपेंडचं ऑन, अफ्रेडचं ऑफ, वेटचं फॉर, गुडचं ॲट. काही शब्द मात्र बांडे, म्हणजे बिनशेपटाचे, जसा डिस्कस. लोक त्याला उगाच अबाउट चिकटवतात. मी विचारायचे, बाबा, असंच का? ते म्हणायचे, "मांजराला कधी विचारलंस का, तुझं शेपूट असंच का म्हणून? बघायचं आणि लक्षात ठेवायचं."

कारखान्यातून आले की हातपाय धुऊन ते बसायचे. निशाताई आणि मी शब्द द्यायचो, बाबा शेपूट लावायचे. मधेच एखादं मुद्दाम चुकीचं, चेहरा अगदी सरळ ठेवून. पकडलं तर बाबांचा कान आपण धरायचा. नाही पकडलं तर कपाळावर टिचकी. निशाताईचं कपाळ लालभडक असायचं. मला टिचकी कधीच बसली नाही, कारण माझं एकही सुटायचं नाही. कान मात्र मी नुसता शिवायचे. दुखेल असं वाटायचं.

मॅडम म्हणाल्या, हाच खेळ घ्या, रोज थोडा थोडा. चुकले तर टोकू नका, उत्साह द्या. मी दोनदा विचारून घेतलं: अजिबात टोकायचं नाही ना? त्या म्हणाल्या, सुरुवातीला तरी नको.

१५ नोव्हेंबर, शनिवार

वेट — फॉर. लिसन — टू. इंटरेस्टेड — इन. कन्सिस्ट — ऑफ.

आईचं नाव अजून येत नाही. माझं येत नाही. पण ही सगळी येतात, थोडी चिकटून, तरी स्पष्ट. आज आईने चहा गाळणं थांबवून ऐकलं.

समोरच्या दारातले मितेशभाई येऊन बसले होते. त्या दिवशी यांनीच बाबांना उचलून स्वतःच्या गाडीत घातलं, म्हणून आम्ही वेळेत पोचलो. हे मी आधीही लिहिलंय, पुन्हा लिहिते. त्यांनीही एक शब्द देऊन बघितला. "गुणवंतभाई, बोलो, हॅपी." बाबा म्हणाले, "विथ." मितेशभाई गुडघ्यावर थाप मारत मला म्हणाले, "देखा? अपून को इतना साल में मालूम नै था, हॅपी के पीछे भी कुछ लगता है."

किती लोकांचं आपल्यावर ऋण असतं, ते असल्या दिवसांत दिसतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज काळजीची गोष्ट. मी 'मॅरीड' दिलं. बाबा म्हणाले, "विथ." मॅरीडचं शेपूट टू. हे बाबांना झोपेत विचारलं तरी चुकलं नसतं. या एका शब्दावरून त्यांनी आमच्या भागातल्या, अख्ख्या जेसल पार्कच्या लग्नपत्रिका सुधारल्या असतील.

मी म्हटलं, "छान, बाबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. बराच वेळ. नजर एका जागी अडकते की काय, ते डॉक्टरांना विचारायला हवं. दवाखान्यातून सोडताना त्यांनी बजावलं होतं की आधी येत असलेलं अचानक चुकायला लागलं तर लगेच कळवा, दुसरा झटका असू शकतो.

आणि एक नवीन. डावा हात, जो चांगला आहे, तो मधेच वर येतो, माझ्या चेहऱ्याच्या दिशेने, आणि एक बोट झटकन उडतं. आज दोनदा झालं. मी मागे सरकले, म्हणून लागलं नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

डॉक्टरांना दाखवून आणलं. ते म्हणाले, नवीन काही नाही, सुधारणा चांगली आहे. फिजिओथेरपिस्टला त्या बोटाचं विचारलं. त्याने बाबांना बोट उडवून दाखवायला सांगितलं. बाबांनी हात मांडीखाली घातला आणि दाखवलंच नाही.

चुका वाढतायत. गुड — इन. डिफरंट — टू. डिस्कस — अबाउट. साधे शब्द बरोबर येतात, आणि जे बाबांना सगळ्यात पक्के होते, ज्यांच्यासाठी ते विहारातल्या त्यांच्या वर्गात फळ्यावर रेघ ओढायचे, नेमके तेच गेलेत. हे कसं, मला कळत नाही. मी प्रत्येक वेळी 'छान' म्हणते. आवाज आनंदी ठेवते.

संध्याकाळी विहाराचे सचिव धम्मपालकाका आले. विहाराच्या हॉलमध्ये बाबांचा रविवारचा इंग्रजीचा वर्ग असायचा, फुकट, कुणीही यावं. दिवाळीपासून तो बंद आहे. काकांनी अवघडत सांगितलं की कराटेवाले ती वेळ मागतायत. म्हणाले, वर्षअखेरपर्यंत मी कुणाला देत नाही, तोवर संघू, तू घे की वर्ग.

बाबांच्या जागी मी? बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. तोंड उजवीकडून ओघळल्यापासून कुणी आलं की ते असंच करतात. काका जाताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून 'जय भीम' म्हणाले. बाबांनी उत्तर दिलं नाही. हे बाबा करणार नाहीत असं मी आयुष्यभर धरून चालले होते.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

बाबा आज एकही शब्द बोलले नाहीत. मी डिपेंड म्हटलं, वेट म्हटलं. ते खिडकीबाहेर बघत होते. मी म्हटलं, काही हरकत नाही बाबा, उद्या. त्यांनी डोळे मिटून घेतले.

३ डिसेंबर, बुधवार

तसंच. मिनल मॅडम म्हणाल्या, पहिले महिने फार मोलाचे असतात. प्रयत्न करून न जमणं वेगळं, प्रयत्नच सोडणं वेगळं. त्या काही झालं का, असं विचारत होत्या. मी म्हटलं, काहीच नाही, मी एकदाही टोकलं नाही. हे अगदी खरं आहे.

६ डिसेंबर, शनिवार

दरवर्षी आज बाबा दादरला पाण्याच्या स्टॉलवर सेवेला असतात. आज घरीच फोटोसमोर मेणबत्ती लावली. आईने काडी त्यांच्या डाव्या हातात दिली आणि मनगट धरलं. वात पेटली.

त्रिशरणाला त्यांचे ओठ हलले. तेवढ्यासाठी मी कृतज्ञ आहे. पण मला भीती वाटतेय की बाबा हळूहळू आतल्या आत निघून चाललेत, आणि मी दारात उभी राहून छान, छान म्हणतेय.

१४ डिसेंबर, रविवार

आज झालं ते क्रमाने लिहिते.

घोडबंदरहून निशाताई आली. दाजींची सुट्टी होती, त्यांनी मुलांना सांभाळलं म्हणून तिला निवांत बसता आलं. आईने तिला काकडी कापून दिली, ती खात ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी बाबांसमोर बसून रोजच्यासारखे शब्द देत होते. उत्तराची आशा नव्हती, नेम मोडायचा नाही म्हणून. मी म्हटलं, "डिस्कस."

बाबांनी माझ्या खांद्यावरून निशाताईकडे बघितलं. मग इतक्या दिवसांनी तोंड उघडलं. "अबाउट."

मला रडू येईल असं वाटलं. मी म्हटलं, "छान, बाबा. खूप छान."

"छान काय, संघू?" निशाताई म्हणाली. "साफ चूक आहे."

ती तशीच आली, काकडीचा ओला हात गाऊनला पुसला आणि बाबांचा कान धरून असा ओढला की त्यांचं डोकं वाकडं झालं. "बांड्याला शेपूट लावता होय? मला फसवता?"

आई ओरडली, "अगं बाई, आजारी माणूस हाय ते."

मी उठून निशाताईचा हात काढायला गेले. तेवढ्यात बाबा हसले. अर्ध्याच तोंडाने, पण आवाजासकट. तो आवाज मी दिवाळीपासून ऐकला नव्हता. मला क्षणभर तो खोकला वाटला.

तरीही मी स्वयंपाकघरात नेऊन तिला बोलले. मॅडमनी टोकू नका म्हणून सांगितलंय, तुझ्यामुळे त्यांना काही झालं असतं तर, असं बरंच. ती काकडी संपवत ऐकत राहिली. मग एवढंच म्हणाली, "तूच त्यांना आजारी केलंयस, संघू."

बाहेर जाऊन ती बाबांसमोर मांडी घालून बसली. तिने शब्द दिला, मॅरीड. बाबा म्हणाले, विथ. निशाताईने मुद्दाम भाबडा चेहरा केला. "बरोबर, सर."

बाबांचा डावा हात वर आला. बोट अंगठ्यात अडकलं आणि सुटलं, आणि निशाताईच्या कपाळावर टक्कन टिचकी बसली.

तोच हात होता. तेच बोट. ज्याच्याबद्दल मी फिजिओथेरपिस्टला विचारलं होतं.

१५ डिसेंबर, सोमवार

काल पुढे लिहिता आलं नाही.

बाबा चुकत नव्हते. खेळत होते. मी शब्द दिले म्हणजे खेळ सुरू झाला असं त्यांनी धरलं, आणि नियमाप्रमाणे मधेच चुकीची शेपटं लावली. मी पकडीन म्हणून ते वाट बघत राहिले. मी पकडलं नाही तेव्हा टिचकी मारायला हात उचलला, तर मी मागे सरकले. मला टिचकी कधी बसलीच नव्हती, म्हणून ओळखता आली नाही. आणि मी तो हात डॉक्टरांना दाखवायला नेला. बाबांना काय वाटलं असेल, हे मी आज दिवसभर मनात आणलं आणि ढकललं. ज्या मुलीचं एकही शेपूट सुटायचं नाही, ती चुकीला छान म्हणतेय. म्हणजे तिच्या लेखी हा माणूस संपला.

मिनल मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, टोकू नका हे मी तुम्हाला जरा जास्तच पक्कं सांगितलं. खेळा. त्यांनी चूक स्वतःकडे घेतली, ती पूर्ण त्यांची नव्हती.

संध्याकाळी बाबांसमोर बसले. गुड, मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "इन."

"चूक," मी म्हटलं. "ॲट. चूक आहे, बाबा."

त्यांनी मान कलती करून कान माझ्यापुढे केला. मी हात नेला आणि नुसता शिवला, लहानपणी शिवायचे तसा. मला ओढता आला नाही. बाबांनी नाक मुरडलं, जणू चहात साखर विसरलीय. पण मग पुढचा शब्द मागायला हात हलवला.

२१ डिसेंबर, रविवार

रोज खेळतोय. आजच्या शब्दांची यादी लिहीत नाही, खूप आहेत. एक मात्र लिहिते. आई पोळ्या लाटता लाटता आतून म्हणाली, "मला बी द्या की एक." बाबांनी मान वळवली, तोंड जुळवायला वेळ लागला, ओठ दोनदा भलतीकडे गेले. मग म्हणाले, "स... सुमन."

हा खेळातला शब्द नव्हता. आईचं नाव आहे. आईने लाटणं खाली ठेवलं नाही, पोळी मात्र भोकं पडेपर्यंत लाटत राहिली.

निशाताईला फोन केला आणि तिचे आभार मानले. ती म्हणाली, "आभार कसले गं, माझं कपाळ बघ अजून."

धम्मपालकाका पुन्हा विचारून गेले. मी म्हटलं, बाबांना विचारते. विचारलं. त्यांनी ओघळलेल्या ओठावर बोट ठेवलं आणि नाही म्हणून मान हलवली. घरात खेळणं वेगळं, मुलांसमोर नाही. मी आग्रह केला नाही.

२८ डिसेंबर, रविवार

संध्याकाळी बाबांना काठी देऊन जेसल पार्कच्या खाडीकाठी नेलं. ते बाकावर बसले, मी बाजूला. ओहोटी होती, चिखलात बगळे होते.

समोरून संचिता आली, वर्गातली, यंदा दहावीला आहे. बाबांना बघून धावतच आली, पण जवळ आल्यावर त्यांच्या तोंडाकडे बघून तिचा चेहरा बदलला. हळू आवाजात 'जय भीम, सर' म्हणाली. बाबा दुसरीकडे बघायला लागले. मला काय करावं कळेना, म्हणून मी म्हटलं, संचिता, सरांना एक शब्द दे.

तिने जरा विचार केला. "सर, मॅरीड?"

बाबांनी वळून तिच्याकडे बघितलं. "विथ."

तिला चूक कळली. कळलेली मला दिसली. तिने माझ्याकडे बघितलं, मग बाबांच्या काठीकडे, आणि अगदी माझ्यासारख्या गोड आवाजात म्हणाली, "बरोबर, सर."

टक्कन. तिच्या कपाळावर.

ती कपाळ धरून उभीच राहिली. मग हसायला लागली, इतकी की बाकाला धरून बसली. "सर, तुम्ही फसवलं. मला वाटलं की..." बाबाही हसत होते, ओघळलेला ओठ विसरून. जाताना तिने विचारलं, "वर्ग कधी आहे, सर?" तिने मला नाही, सरांना विचारलं.

बाबांनी खाडीकडे बघत ओठ जुळवले. मी मदत केली नाही. मदत न करणं मला किती जड गेलं. बगळा उडून दुसरीकडे बसला तरी शब्द येत नव्हता. मग आला.

"रवि... वार."

३० डिसेंबर, मंगळवार

धम्मपालकाकांना कळवलं. ते म्हणाले, खुर्ची हात असलेली ठेवतो, फळ्याजवळ. मितेशभाई गाडीने सोडणार. आई शर्टाला इस्त्री करतेय. रविवारला अजून अवकाश आहे, तरी.

ठरलं आहे ते असं. मी शब्द देणार, बाबा शेपटं लावणार, मुलं पकडणार. वर्ग माझा नाही, बाबांचाच. मी फक्त शब्द देणारी. असं ठरल्यावर माझी अर्धी भीती गेली.

उरलेली अर्धी ही आहे. मुलं चांगली आहेत, आणि चांगली आहेत म्हणूनच सगळी संचितासारखी करतील. सरांचं तोंड बघतील, काठी बघतील आणि 'बरोबर, सर' म्हणतील. एवढ्या कपाळांना टिचक्या मारत बाबा कुठवर पुरणार? कुणीतरी त्यांना आधी दाखवायला हवं की हे चालतं. आणि ते दाखवायचं म्हणजे नुसतं शिवून भागणार नाही.

आज सरावासाठी बाबांनी कान पुढे केला. मी म्हटलं, आज नको बाबा, राखून ठेवते. त्यांनी भुवई उंचावली. माझ्या इंग्रजीचं, नोकरीचं, मला जे काही येतं त्या सगळ्याचं मूळ या माणसाजवळ आहे, आणि त्याचे आभार मानायची हीच एक पद्धत त्याला पसंत आहे.

४ जानेवारी, रविवार, सकाळी साडेनऊ. पहिल्या चुकीच्या शेपटाला, सगळ्या वर्गासमोर, बाबांचा कान मी धरणार आहे. चांगला ओढून.